रविवारची निपाणी

चेंडू जाळीला घासून पलीकडे टपकन पडला, की ती डावा तळहात वर करायची. टेबल टेनिसमध्ये ही रीतच आहे. नशिबाने गुण मिळाला तर समोरच्याची माफी मागायची. बाकीचे खेळाडू ही माफी कशी मागतात ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. हात अर्धा वर, नजर भलतीकडे आणि चेहऱ्यावर लपवलेला आनंद. हिची माफी तशी नव्हती. ही थांबायची, समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघायची आणि म्हणायची, "माझा न्हवं हं, अण्णा. नशिबाचा."

तिला ही सवय खेळाबाहेरही होती. एकदा आम्ही मच्छेच्या स्टॉपवर बसमध्ये चढलो. एकच जागा रिकामी होती आणि ती तिच्यासमोरच आली. बसता बसता तिने उभ्या राहिलेल्या एका बाईकडे बघून तळहात वर केला. त्या बाईला काही कळलं नाही. तिने आपली भाजीची पिशवी हिच्या मांडीवर ठेवून दिली, आणि हिने ती बेळगाव येईपर्यंत सांभाळली.

आमची ओळख झाली ती माझ्या बॅटमुळे. मी मूळचा खानापूर तालुक्यातला, शेतकऱ्याच्या घरातला. मच्छेच्या औद्योगिक वसाहतीत एका फौंड्रीत नोकरी करतो. तिथल्या कँटीनच्या वर एक लांबट हॉल आहे आणि कामगारांसाठी त्यात टेबल मांडलेलं आहे. खेळायला मी तिथंच शिकलो. माझ्या बॅटच्या एका बाजूला काट्यांचं रबर आहे, म्हणजे गुळगुळीत नाही, वर रबराचेच बारीक उंच काटे. समोरच्याने गरगर फिरवून मारलेला चेंडू या काट्यांवर आपटला की उलटीच फिरकी घेऊन परत जातो, आणि समोरचा बुचकळ्यात पडतो. मला फारसं हलावं लागत नाही. माझं पोट बघता ही सोय मोठीच आहे. तरुण पोरं माझ्याशी खेळायला कुरकुरतात. "अण्णा, तुम्ही खेळत न्हाय, तरास देताय," असं एकजण मला तोंडावर म्हणाला होता.

ती तेव्हा दहावीत होती आणि राज्याच्या स्पर्धेत अशाच एका काटेवाल्या मुलीकडून वाईट हरली होती. बेळगावात ती ज्या सरांकडे शिकायची, त्यांनी चौकशी केली की आपल्याकडे काटे कोण खेळतं. कुणीतरी माझं नाव सांगितलं. मग एका रविवारी निपाणीहून बसने ती आणि तिचे वडील आमच्या फौंड्रीच्या गेटवर येऊन उभे राहिले.

वडिलांना ती आप्पा म्हणायची. जैन कुटुंब, मूळ शेती बोरगावला, आणि निपाणीत पाइपांचं नि पाण्याच्या मोटारींचं दुकान. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड. आप्पा हॉलमधल्या खुर्चीवर बसले आणि चेंडूची टकटक सुरू होताच त्यांचा डोळा लागला. टकटक थांबली की जागे व्हायचे, "झालं?" विचारायचे आणि सुरू झाली की परत झोपायचे. आठवडाभर दुकानात उभा राहणारा माणूस. त्यांची खरी सुट्टी त्या खुर्चीवरच व्हायची.

त्या पहिल्या दिवशी तिचे चेंडू एकतर जाळीत जात होते, नाहीतर भिंतीवर. तिने बॅट खाली ठेवली.

"अण्णा, चेंडू असा का येतोय?"

"कसा?"

"मी पाठवल्यासारखा येईना."

मी माझं रबर तिला दाखवलं. तिने काट्यांवरून बोट फिरवलं, थोडा विचार केला.

"म्हणजे तुम्ही माझंच मला परत देताय."

"व्हय."

तिला हसू आलं. "मग चूक माझीच. परत एक गेम?"

हे 'परत एक गेम' त्या दिवशी किती वेळा ऐकलं, मला आठवत नाही. शेवटी माझा हात भरून आला आणि मी आप्पांना जागं केलं. त्यानंतर ती दर रविवारी येऊ लागली. गेटवरचा रखवालदार खालूनच ओरडायचा, "अण्णा, निपाणी आली." तेव्हापासून आमच्या हॉलमध्ये ती निपाणीच झाली. तिचं खरं नाव अर्ध्या फौंड्रीला ठाऊक नसेल.

आमच्या कँटीनचा मल्लाप्पा या पोरीमुळे अडचणीत आला. तिच्या घरात कांदा, लसूण, बटाटा चालत नाही आणि सूर्य बुडाल्यावर जेवण नाही. मल्लाप्पाचा सगळा स्वयंपाक कांद्यावर उभा. पहिल्यांदा त्याने तिला नुसती केळी दिली. मग एका रविवारी बिनकांद्याचे पोहे करून आणले आणि ती खाताना तोंडाकडे बघत बसला.

"कसं झालंय?"

"चांगलं झालंय की, मामा."

"चांगलं कुठलं. कांदा न्हाय, काय न्हाय," म्हणून तो खाली गेला. पण दर रविवारी पाच वाजता तिची बशी टेबलाशेजारच्या खिडकीत येऊन राहू लागली, कारण हिवाळ्यात निपाणीला पोचेपर्यंत अंधार पडायचा. पुढे स्पर्धांना गावोगावी जाताना तिची खरी दगदग हीच होती. सामना संध्याकाळी आणि पंगत सामन्यानंतर. ती दुपारीच खाऊन घ्यायची आणि मॅच संपल्यावर पाण्याची बाटलीसुद्धा नुसती हातात धरून बसायची. मी एकदा म्हटलं, खेळाडूला एवढं कडक कसं जमेल. ती म्हणाली, "घरचं कुणी बघायला न्हाय म्हणून तर पाळतो, अण्णा. बघायला असतंय तवा सगळेच पाळत्यात."

'पाळतो'च म्हणायची ती. आमच्याकडच्या पुष्कळ बायका-मुलींसारखी तीही 'मी येतो, मी जातो' असंच बोलायची. याची मजा पुढे झाली.

हळूहळू तिला काट्यांची भाषा कळली. एक वर्ष ती हरली, मग आम्ही बरोबरीत आलो, आणि एका रविवारी तिने मला असं धुतलं की मी दोनच गुण घेतले, त्यातला एक नशिबाचा. गेम संपल्यावर ती माझ्याजवळ आली. "अण्णा, हात दुखतोय काय आज?"

"न्हाय गं. माझा हात हाय तसाच हाय."

तिला ते पटलं नाही. निघताना तिला आप्पांना सांगताना मी ऐकलं, अण्णांना बरं नाही वाटतं. जिंकल्याचं तिने घरी सांगितलं की नाही, कोण जाणे.

कॉलेजात गेल्यावर ती राज्याच्या संघात आली आणि मग देशातल्या एका व्यावसायिक लीगमधल्या संघाने तिला घेतलं. ही बातमी घेऊन आप्पा मुद्दाम मच्छेला आले. त्यांना एक शंका विचारायची होती.

"अण्णा, प्रोफेशनल म्हणजे खेळायचे पैसे देत्यात?"

"व्हय."

"आणि हरली तर?"

"तरी देत्यात."

"आमच्या धंद्यात असं न्हाय," ते म्हणाले.

लीग सुरू व्हायच्या आधी एका मराठी वाहिनीवर तिची छोटी मुलाखत झाली. आम्ही सगळे कँटीनमध्ये मल्लाप्पाच्या टीव्हीसमोर. "मी निपाणीतनं आलो, बेळगावात शिकलो आणि मच्छेत खेळतो," ती म्हणाली. मुलाखत घेणारी पुण्याकडची असावी. हसून म्हणाली, "खेळते." हिला वाटलं, ती बाई विचारतेय. "व्हय, खेळतो की," हिने सांगितलं. कँटीनमध्ये असा हशा पिकला की पुढची दोन वाक्यं कुणाला ऐकू आली नाहीत. मला मात्र बरं वाटलं. टीव्हीवर जाऊनही ती आमच्या हॉलमध्ये असायची तशीच होती.

खरं सांगायचं तर तो पहिला हंगाम तिने बाकावर बसूनच काढला. संघात मोठी नावं होती. हिने टाळ्या वाजवल्या, टॉवेल दिले, सरावाला समोर उभी राहिली. आम्ही प्रत्येक सामना बघायचो आणि कॅमेरा बाकावरून सरकताना ती क्षणभर दिसली की मल्लाप्पा बोट दाखवायचा. सुट्टीत आली तेव्हा मी विचारलं, कंटाळा येत नाही का गं.

"एवढ्या जवळनं एवढ्या भारी पोरी बघायला मिळतात, अण्णा," ती म्हणाली. "तिकीट काढून लोक लांब बसतात."

दुसऱ्या हंगामात तिला सामने मिळू लागले. दोन मोठे सामने तिने जिंकलेही. आणि मग सरावात एक जोरदार फटका मारताना तिचा उजवा खांदा गेला. आतला स्नायू फाटला होता. डॉक्टरांनी सांगितलं, पावसाळा संपेपर्यंत हात वर करायचा नाही. नंतर बरा होईल, पण पूर्वीसारखे लांबून ओढलेले फटके त्याला सोसणार नाहीत. संघाने तिच्या जागी दुसरी मुलगी घेतली. त्यात त्यांचं काही चुकलं असं मी म्हणत नाही, संघ चालवायचा म्हटल्यावर ते आलंच. पण तिचा सगळा खेळ त्या लांब फटक्यावर होता.

मला वाटलं, आता ती मच्छेला येणार नाही. पुढच्याच रविवारी रखवालदार ओरडला. वर आली तर उजवा हात गळ्यात अडकवलेला आणि डाव्या हातात बॅट.

"अण्णा, शिकवा."

"काय?"

"टेबल टेनिस. ह्या हाताला काय येत न्हाय."

तो सगळा पावसाळा ती डाव्या हाताने खेळली आणि सगळ्यांकडून हरली. आमच्या हॉलमध्ये तेवढी गर्दी मी आधी कधी पाहिली नव्हती. ज्यांनी कधी बॅट धरली नव्हती तेही नंबर लावायचे. मल्लाप्पाने तिला हरवलं आणि साऱ्या वसाहतीत सांगत सुटला, लीगच्या खेळाडूला हरवलं म्हणून. कुणीतरी म्हणालं, अरे, ती डाव्या हाताने खेळत होती. "हात कुठला ते मी बघितलं न्हाय," मल्लाप्पा म्हणाला. ती त्याच्या बाजूची. "बरोबर हाय मामांचं. स्कोअर तेवढा बघायचा."

हसत होती, पण सोपं नव्हतं ते. एका दुपारी खेळून झाल्यावर ती जिन्याच्या पायरीवर बसली होती. मी शेजारून उतरत होतो.

"अण्णा, हात आला न्हाय तर?"

आयुष्यभर ओतीव लोखंड तपासणारा मी माणूस. मी म्हणालो, "चहा घेतीस?"

"घेतो."

चहा पिता पिता तीच बोलली. "लहानपणापासनं समदे विचारायचे, पुढची मॅच कवा हाय. आता माझ्याशी काय बोलायचं ते कुणाला कळंना. आप्पा तर दुकानातली मोटार कशी उघडायची ते शिकवाय लागल्यात."

"मग शिकलीस?"

"शिकलो. दोन दुरुस्त पण केल्या, डाव्या हातानं." तिने कप खाली ठेवला. डोळे पाणावले होते, पण आवाज तसाच होता. "इथं बरं वाटतंय. इथं हरलो तरी समदे खूश असत्यात."

पाऊस संपला, हात सुटला. हलका खेळ जमायला लागला, पण लांब फटक्याला हात मागे नेला की तिच्या कपाळावर आठी यायची. एका रविवारी तिने आपली बॅट ठेवली आणि माझी उचलली. म्हणाली, तुम्ही मारा, मी अडवतो. टेबलाला चिकटून उभी राहिली आणि काट्यांच्या बाजूने नुसता हात पुढे करत राहिली. डाव्या हाताने खेळताना जोर नव्हता, म्हणून त्या पावसाळ्यात ती पायांवर खेळायला शिकली होती. माझे चेंडू उलटेपालटे होऊन माझ्याच अंगावर येऊ लागले. मधेच संधी दिसली की ती हातातल्या हातात बॅट फिरवायची आणि गुळगुळीत बाजूने छोटासा, आखूड फटका मारायची.

"अण्णा," ती म्हणाली, "हे मला पायजे."

तिचे सर माझ्यावर भयंकर रागावले. स्वतः मच्छेला आले. म्हणाले, हल्ला करणारी खेळाडू होती माझी, तुम्ही तिला म्हाताऱ्यांचा खेळ शिकवलात. मी काहीच शिकवलं नव्हतं, पण ते ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. ती म्हणाली, "सर, एक गेम खेळा माझ्याशी." सर खेळले. पहिले काही चेंडू त्यांनी जाळीत मारले, मग ते सावरले आणि चांगली झुंज झाली. शेवटी टॉवेलने तोंड पुसत खुर्चीवर बसले. मला वाटलं, आता उठून जातील. पण त्यांनी विचारलं, "बॅट फिरवताना अंगठा कुठे ठेवतेस?" आणि पुढचा सगळा वेळ ते तिच्या अंगठ्यावर काम करत राहिले. मोठ्या मनाचा माणूस. त्यानंतर रविवारी तेही येऊ लागले.

हाल झाले ते माझे. तिला आता हल्ला करणारा जोडीदार हवा होता, आणि हयातभर एका जागी उभा राहिलेला मी टेबलाभोवती धावून फटके मारू लागलो. "पाय, अण्णा, पाय," ती पलीकडून सांगायची. त्या वर्षी माझा कमरेचा पट्टा आत सरकला. घरची मंडळी अजून निपाणीचे उपकार मानतात.

नव्या खेळाने पहिल्या स्पर्धेत ती पहिल्याच फेरीत हरली. ऐन मोक्याला फिरवताना बॅट हातातून सुटली आणि पंचांच्या टेबलाखाली गेली. आप्पांना फोनवर तिने तेवढंच सांगितलं, पंचांना लागली नाही म्हणून. दुसऱ्या स्पर्धेत उपांत्य फेरी गाठली. तिच्याकडून हरलेली एक मोठी खेळाडू नंतर म्हणाली, तू आधी अशी खेळत नव्हतीस. "व्हय," ती म्हणाली, "आधी खांदा होता."

पुढच्या वर्षी दुसऱ्या एका संघाने तिला लीगमध्ये परत घेतलं. तिथं तिने एका परदेशी खेळाडूला हरवलं आणि त्या मुलीनेच जर्मनीतल्या आपल्या क्लबला हिचं नाव सुचवलं. लहान गावातला लहान क्लब, पण तिथल्या लीगमध्ये खेळणारा. राहायची सोय, सराव, दर आठवड्याला सामने. आप्पांनी या वेळी काही विचारलं नाही. आईलाच काळजी होती. जायच्या आधीच्या रविवारी तिची आई पहिल्यांदाच मच्छेला आली. एवढी वर्षं लेक दर आठवड्याला जाते ती जागा बघायची होती. वर येऊन त्यांनी हॉल पाहिला, टेबल पाहिलं, भिंतीवरचे ओलीचे डाग पाहिले.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

"एवढंच," मी म्हणालो.

त्यांनी पदराने डोळे टिपले आणि टेबलाच्या कडेवरून एकदा हात फिरवला. मल्लाप्पाने डब्यात बिनलसणीची शेंगाचटणी भरून दिली. निपाणीने सगळ्यांना नमस्कार केला, मला केला, मल्लाप्पाला केला, रखवालदार नको नको म्हणत असताना त्यालाही केला. मग मायलेकी बसस्टॉपकडे चालत गेल्या. हॉलमध्ये त्या दिवशी पुढे कुणी खेळलं नाही.

तिकडून तिचे फोन येतात. पहिल्या हिवाळ्यात तिचे जेवणाचे वांधे झाले. "अण्णा, हितं साडेचारला सूर्य जातोय. दुपारचं नि रातचं एकदमच खातो." उन्हाळ्यात तोच सूर्य रात्री साडेनऊपर्यंत जाईना. "आता निवांत जेवतो," ती म्हणाली, "पण आईला सांगू नका, तिला वाटंल मी नियम मोडला."

तिचे सामने क्लब मोबाइलवर दाखवतो. तिकडची दुपार म्हणजे आपली संध्याकाळ, त्यामुळे रविवारी आम्ही कँटीनमध्ये जमतो. मागच्या महिन्यातला एक सामना सांगतो आणि थांबतो. तो ती जिंकली, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला काळजी नको. शाळेचा हॉल होता, प्रेक्षक थोडेच, एक म्हातारी पुढे बसून काहीतरी विणत होती. पाचवा गेम चालू होता. निपाणी मागे होती, आणि नेमकं तेव्हाच मोबाइलवरचं चित्र अडकलं. ती वाकलेली, बॅट पोटाशी, केस कपाळाला चिकटलेले. तशीच थांबून राहिली. आवाज मात्र येत होता. काट्यांवर चेंडू बोदा वाजतो आणि गुळगुळीत रबरावर टणक. आम्ही कान देऊन ऐकत होतो. बोदा, बोदा, बोदा, मग एक टणक. टाळ्या. मल्लाप्पाने उठून गॅस बंद केला, फसफस नको म्हणून.

मग क्षणभर शांत झालं, आणि त्या परक्या हॉलमधून, मराठीचा एक शब्द न कळणाऱ्या समोरच्या मुलीला उद्देशून, हळू पण अगदी स्वच्छ, तिचा आवाज आला.

"आता हाणतो बघ, गं."

चित्र अजून अडकलेलंच होतं.